नको म्हटलं की नकोच?

पेण, रविवार, फेब्रुवारी १९९८

आज मिलिंद रोह्याहून आला तो दामूला घेऊनच. दामू माझा शाळासोबती, वरसे गावात रेडिओ दुरुस्त करणारा. कंपनीने मिलिंदला साहेबलोकांसाठी लॅपटॉप निवडायला सांगितलंय, म्हणून त्याने नमुन्याचे दोन आणले होते. ओटी माझी, मुलगा माझा, आणि सल्ला दामूचा!

"काका, हा स्वस्त पडतो. तो लाखाच्या वर जातोय."

"आधी बिजागरी बघ. रोज उघडझाप व्हायची हाय. आन् बिघडला तर दुरुस्तीवाला येनार काय मुंबईवरना? नाय ना? मग स्वस्त कसला रे तो?"

दामूने लॅपटॉप मांडीवर घेतला. माझ्या मांडीवर बसून मिलिंद शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचा. शब्द अडला की माझ्या तोंडाकडे बघायचा. आज दामूच्या तोंडाकडे बघत होता. बिजागरी म्हणे! मला हेवा वाटला का? वाटला. अजून वाटतोय.

मग मिलिंद माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही बघता का?"

"नको रे, मला काय कळतंय त्यातलं?"

आता पंगतीत जिलबीला आधी नको म्हणायचंच असतं. वाढणारा थोडाच पुढे जातो? तो आग्रह करतो, मग आपण पानावरचा हात काढतो. मी तर हात पंच्याला पुसून तयार बसलो होतो.

मिलिंद "बरं" म्हणाला आणि दुसरा लॅपटॉपही त्याने दामूपुढे सरकवला.