जर्मनाचे फ्रेंच भाष्यकार

दूधविनायक, काशी

ती. बाबा, रागात असलात तरी मुक्ताचा नमस्कार घ्या.

माझा खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

देव नाकारणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञावर प्रबंध लिहितेय म्हणून तुम्ही माझा फोन घेत नाही. काल घरमालक विश्वेश्वरशास्त्रींना भीत भीत सांगितलं, की ज्याला लोक युद्धखोर म्हणाले, त्याच्यातच पुढे फ्रेंच विचारवंतांना स्वातंत्र्य सापडलं. शास्त्री हसले. "म्हणजे तिकडेही भाष्यकार भांडतातच की! बैस, पुढे सांग."

समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडावं, मगच खोडावं, हे तुम्हीच शिकवलंत ना? पहिलं प्रकरण सोबत पाठवलंय. खोडायला तरी वाचा. समास मुद्दाम मोठा सोडलाय.

तुमची,
मुक्ता