म्हातारीनं नाचायला हात पुढं केला

लुआंडा, अंगोला
१२ ऑगस्ट २००६

सौ. मंदा हिस,

मी इकडं बरा हाय. जनरेटरचं काम चालू हाय, भात मिळतो. आईचा गुडघा कसा हाय?

रविवारी घरमालकिणीच्या नातीचं बारसं व्हतं. अंगणात गाणं लागलं आणि समदी जोडीनं नाचाया लागली, छातीला छाती लावून. सासू जावयाबरोबर! कुणाला कायच वाटंना. ह्याला किझोंबा म्हणतात. मोडक्या पोर्तुगीजमधनं मला कळलं ते एवढंच: जुन्या सेंबा नाचाला वेस्ट इंडीजच्या गाण्यांचं वारं लागलं आणि हा इथंच जन्मला. लढाईत पोर्तुगालला पळालेल्यांनी तो तिकडं नेला. आता गोरे क्लास लावून शिकतात म्हणं.

मग सत्तरीची घरमालकीण माझ्यापुढं हात करून उभी राहिली. मी तिच्या पाया पडलो! समदे हसले, ती मात्र खट्टू झाली. इथं नाय म्हणणं म्हणजे अपमान. मग नाचलो, चार पावलं.

पाप झालं का गं? चारचौघांत तुझा हात मी एकदाच धरला, तोही भटजीनं सांगितलं म्हणून.

एवढं आईला वाचून दाखवू नको.

दिवाळीला निमगावच्या स्टँडवर उतरल्यावर तू धा पावलं मागं न राहता माझ्या बरोबरीनं चालशील का?

तुझ्या होय-नायची वाट बघणारा,
सयाजी