सिंह, अस्वल, बिबट्या आणि आमची साल्बासियोन

१ मार्च, रविवार
चर्चमधली मिस्सा संपवून बाहेर येते तर बास्केटबॉल कोर्टावर मंडप. फलक: ‘दानिएलची चार श्वापदं. दोन आठवडे, रोज संध्याकाळी सहा वाजता. सर्वांना मुक्त प्रवेश.’ बायबलमधल्या दानिएलला स्वप्नात दिसलेली, चार साम्राज्यांची चार जनावरं. फलकावरचा बिबट्या मुडदूस झालेल्या मांजरासारखा दिसतो. शनिवारवाले आलेत. रविवार सोडून शनिवार पाळतात, डुक्कर वर्ज्य, कोळंबी वर्ज्य. आमचे पोप म्हणजे चौथ्या श्वापदाच्या डोक्यावरचं लहान शिंग, असंही मानतात. इलोइलोत राहून कोळंबी खायची नाही, हेच खरं पाप.

साल्बासियोन म्हणाली, “मनांग, जाऊन बघू या का?” मी नाही म्हटलं. पासष्ट वर्षांची असली तरी धाकटी बहीण, आणि मी तिची मनांग, थोरली. तिला तेवढं उत्तर पुरतं.

२ मार्च, सोमवार
पुरलं नाही. साडेपाचला पावडर लावून गेली. परत आली ती चेहरा उजळून. “सिंह म्हणजे बाबिलोन, मनांग! पाठीवर गरुडाचे पंख!” मला सांगते! छत्तीस वर्षं मी या गावाला इतिहास शिकवला. तेव्हा ही बाई नवऱ्याच्या दुकानात बटणं विकत होती.

निश्चय: आपण तिकडे फिरकायचं नाही. असल्यांकडे लक्ष दिलं की ते फुगतात.

३ मार्च, मंगळवार
गेले. केवळ चुका टिपायला. शेवटची रांग, काळा चष्मा, डोक्याला रुमाल. अकरा जणांनी “गुड ईव्हनिंग, मॅम” म्हटलं.

पास्टर कोण, तर डेल्फिन तुपास! माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून नाक कोरायचा. इतिहासात मीच त्याला नापास केलं होतं. आता टाय लावतो.

आज अस्वल. एका अंगावर उठलेलं, तोंडात तीन बरगड्या. म्हणजे मेदी आणि पारसी लोकांचं, इराणकडचं राज्य. चुका: शून्य. पण टाय अगदीच बेंगरूळ.

५ मार्च, गुरुवार
बिबट्या म्हणजे ग्रीस. चार डोकी म्हणजे सिकंदरामागचे चार सेनापती. चुका: शून्य. हे संशयास्पद आहे.

मग त्याने सगळ्यांना मुठी वळायला लावल्या आणि हाताच्या उंचवट्यांवर राज्यं मोजायला लावली. पहिला उंचवटा बाबिलोन, दुसरा पारस, तिसरा ग्रीस, चौथा रोम. ही माझी पद्धत! मी काढलेली! चोर आहे, चोर. साल्बासियोन रात्री लसूण सोलताना हाताची मूठ करून पुटपुटत होती.

६ मार्च, शुक्रवार
फादर किरिनोंकडे गेले. म्हटलं, तुमची मेंढरं लांडगा नेतोय आणि तुम्ही पेपर वाचताय. म्हणतात, “मॅम, दोन आठवड्यांनी मंडप उठेल. शिवाय त्यांनी कोर्टाचे दिवे दुरुस्त करून दिलेत.” दिवे! आमच्या बायबल वर्गाला तीन माणसं येतात, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला. फादर म्हणाले, “मग तुम्हीच या ना शिकवायला.” मला वेळ कुठे आहे? मला रोज सहाला मंडपात असावं लागतं.

७ मार्च, शनिवार
आज बाच्वायमध्ये नुसत्या शेवया आणि रस्सा. मी विचारलं, डुकराचं मांस कुठे आहे? म्हणे, “हल्ली पोटाला जड पडतं, मनांग.” पासष्ट वर्षं पडलं नाही, एका आठवड्यात पडायला लागलं.

स्पष्ट विचारलं. म्हणाली, पुढच्या शनिवारी समुद्रात बाप्तिस्मा आहे, ज्यांना घ्यायचा त्यांनी कार्डावर सही करून द्यायची. सही केलीस का? “नाही अजून. मनात घोळतंय.”

ही पाण्यात गेली की मी मिस्साला एकटी. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून एकही रविवार आम्ही वेगवेगळ्या गेलेल्या नाही. अर्थात मला एकटीला काही फरक पडत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

योजना: त्याला चौथ्या श्वापदापर्यंत येऊ द्यायचं आणि लहान शिंगापाशी पकडायचं. सगळ्या गावादेखत. सिस्टर बेनिग्नांनी कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पक्कं शिकवलं होतं: लहान शिंग म्हणजे अंतियोख, ग्रीकांचा दुष्ट राजा. पोपशी काडीचा संबंध नाही. तोपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

१० मार्च, मंगळवार
तोंड उघडलं. इलाज नव्हता. गाढव म्हणाला की बाबिलोन इसवी सनापूर्वी पाचशे तीसमध्ये पडलं. मी जागेवरून ओरडले, “पाचशे एकोणचाळीस!”

टाळ्या पडल्या. डेल्फिन म्हणाला, “मॅम, मी जो काही इतिहास शिकलो तो तुमच्याकडून. बाकीचं बरोबर सांगतोय ना? चारांचा क्रम?” आता खोटं कसं बोलणार? क्रम बरोबर आहे, म्हटलं. मग त्याने खडू पुढे केला. खडू हातात आला की मला बसता येत नाही. पंचवीस मिनिटं बोलले. बिबट्या पुसून नीट काढला. चौथं श्वापद काढलं, रोम, लोखंडी दात, दहा शिंगं, एकेक शिंग टोकदार. पहिल्या रांगेत साल्बासियोन मान डोलवत होती. मला वाटतं, माझं बोलणं तिने पहिल्यांदाच असं कान देऊन ऐकलं.

कलामान्सी लिंबाचं सरबत दिलं. मासळीवाली लिदिया म्हणाली, “मॅम, तुम्ही पास्टर का नाही झालात?”

गावाचा विश्वास आता माझ्या खिशात. गुरुवारी घाव.

१२ मार्च, गुरुवार
घाव झाला. कोणावर, ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

डेल्फिन म्हणाला, चार पावलं आपण मॅमचा हात धरून चाललो, आता पाचवं. लहान शिंग. पोप. मी ताडकन उठले. साफ खोटं, म्हटलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅम, आधीच्या चारांत कुठे चुकलं?” चुकलं नाही, म्हटलं. “मग?” मी अंतियोख सांगितला. ग्रीक राजा, ग्रीकांचं शिंग.

तेवढ्यात ती लिदिया, तिच्या तोंडात मासे भरावेत, मागून ओरडली, “अहो मॅम, पण परवा शिंगं तुम्हीच रोमच्या डोक्यावर काढलीत की!”

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. मेल्यांनी तो पुसलाही नव्हता. उलट कोपऱ्यात माझं नाव लिहून ठेवलं होतं.

चष्मा घरी राहिला, असं सांगून निघाले. चष्मा नाकावर होता.

१३ मार्च, शुक्रवार
साल्बासियोनला बसवलं. म्हटलं, काल मला बोलू दिलं नाही, नाहीतर त्याचा पालापाचोळा केला असता. तू सही करायची नाहीस. थोरली बहीण म्हणून सांगते.

म्हणाली, “मी सही केली, मनांग. मंगळवारीच.”

मंगळवारी का?

“मला वाटायचं, हा पोरगा गोड बोलून भुलवतोय. मला कुठलं कळतंय बाबिलोन आणि पारस? मग तू उठून उभी राहिलीस, सगळ्यांसमोर बरोबर आहे म्हणालीस. आणि जन्मात तू चुकीच्या उत्तराला बरोबर म्हटलेलं नाहीस. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.”

मी म्हटलं, शिंगाचं मी बरोबर म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “शिंगाचं राहू दे गं. तिथे मला नावाने हाक मारतात. इथे चार वर्षांत मी एक वाक्य पुरं केलं असेल तर सांग.” मी सांगायला लागले, तर ती हसली.

मी उद्या समुद्रावर जाणार नाही. हे नक्की.

१४ मार्च, शनिवार
गेले. तिला पोहता येत नाही, म्हणून. पाणी कमरेएवढंच होतं. डेल्फिनने तिला अलगद धरून बुडवलं, अलगद वर काढलं. एवढ्या काळजीने त्याने माझा गृहपाठ कधी केला नव्हता. ती हसत बाहेर आली. माझ्या हातात टॉवेल होता, तो दिला.

१५ मार्च, रविवार
मिस्साला एकटी. फादर किरिनोंनी साल्बासियोनची चौकशी केली. ताप आहे, म्हटलं. लेंटच्या उपवासांत, तेही खुद्द चर्चमध्ये खोटं बोलले.

शेजाऱ्याचा हात हातात घेऊन एकमेकांना शांती द्यायची वेळ आली. सवयीने डावीकडे वळून हात पुढे केला. तिथे कोणी नव्हतं. हात तसाच राहिला. मागच्या बाकावरून कोणीतरी तो दोन्ही हातांत धरला. कापडाच्या दुकानातल्या मिसेस हाबियेर. सोबत नवरा, तीन मुलं, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत.

म्हणाल्या, “मॅम, मंगळवारी तुम्ही किती सोपं करून सांगितलंत! आमचं ठरतच नव्हतं. पुढच्या शनिवारी आम्ही पाचही जण जातोय पाण्यात. आज फादरना सांगायलाच आलोय.”

उजवीकडे मी वळलेच नाही. न जाणो, तिकडूनही कोणी माझे आभार मानले असते.