टिनाच्या शेडबद्दल आणि त्यावर डोळा ठेवून असणाऱ्यांबद्दल

मी, पार्वताबाई गोवर्धन भुयार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मौजे निंबखेडा, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला तेव्हा, हे विचारायला तुम्हाला कोणी पाठवले, असे मी त्यांना विचारले. त्यावर त्यांनी लगेच सही करून टाकली. मोर्शीच्या अर्जनविसाकडून मी हे लिहून घेतलेले नाही, कारण माझा पुतण्या देवीदास अकोल्याहून आला की त्याच्याकडेच चहा पीत बसतो. माझ्या मागे आणखी एखादे मृत्युपत्र निघाले तर ते खोटे समजावे.

पहिले कलम दत्तकाचे. मी कोणालाही दत्तक घेतलेले नाही. हे मुद्दाम लिहावे लागते, त्याचे कारण असे. घरामागचे टिनाचे शेड आमच्या ह्यांनी संत्र्याच्या पेट्या भरण्यासाठी बांधले होते. ते गेल्यावर शेड रिकामे पडले. गावातली सुभद्रा निंदणाला, कापूस वेचायला जाते. तिचे पहिले लेकरू धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झोळीतून उतरून शेततळ्याकडे गेले. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही; ते वर आले नाही. दुसरी पोरगी रागिणी झाली तेव्हा सुभद्रा सकाळीच माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, पोरगी तुमच्या ओटीत टाकतो. सांजच्याले नेतो."

मी म्हटले, "मी विधवा बाई, पोटी लेकरू नाही. माझी ओटी कोणी भरत नाही. गोड बोलून काय हवंय ते सांग."

ती म्हणाली, "मंग तं रिकामीच हाये. मावंल पोरगी."

अशी ती पोरगी राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आपापली लेकरे घेऊन आल्या. नंतर बायांनीच शेडची जमीन सारवली, आडव्या बल्लीला झोळ्या बांधल्या आणि दर आठवड्याला घरटी पसापसा ज्वारी गोळा करून सांभाळणारीची सोय लावली. मी फक्त खाटेवर बसून कोण काय नेते यावर लक्ष ठेवले.

पण पोरगी ओटीत टाकली, ही बातमी अकोल्याला पोचेपर्यंत तिचे दत्तकविधान झाले. काकांच्या तेरवीला ज्याला सवड नव्हती तो देवीदास पहिल्या एस.टी.ने आला. "काकू, डोळे दाखवून आणू तुमाले अकोल्याले," म्हणाला. मी गेले. डोळे दाखवले. दवाखान्याच्या पायरीवर त्याने कोरा स्टॅम्पपेपर काढला आणि सही मागितली. मी म्हटले, औषधाचे थेंब घातलेत, काही दिसत नाही. मला सगळे दिसत होते. तरी आता लिहून देते की ओटीत टाकणे म्हणजे सांभाळायला देणे, आणि रागिणी ही सुभद्राचीच मुलगी आहे.

दुसरे. माझ्या लग्नातला पितळी गुंड देवीदासच्या आईने पाणी भरायला म्हणून नेला, तो तिच्याच घरी राहिला. तो देवीदासचा वाटा समजावा.

बँकेतली ठेव लेकरांच्या दुधाला, खिचडीला आणि टिनाच्या डागडुजीला लावावी. पैसे सुभद्रा आणि जैनबबी या दोघींच्या सह्यांनीच निघावेत. एकटीवर माझा भरवसा नाही, दोघींवर थोडा आहे.

जैनबबी ही लेकरे सांभाळणारी. ती बायांनी निवडली, मी नाही. दुपारी सगळी लेकरे एकदम झोपायची, म्हणून तिने अफू चाटवली असेल असे मला वाटले. मी रोज एकेकाचे तोंड हुंगून पाहत असे. एकदा तिने पाहिले.

"सुंगा काकू, रोज सुंगा," ती म्हणाली. "म्या बी तुमचे हात पायतो. तुमी लपूनछपून गूळ चारता, अन् पोट्टे रातभर मायले झोपू देत नाही."

गूळ मी चारत होते. शेडची किल्ली जैनबबीकडे राहावी. लेकरांजवळ संशय घेणारे माणूस पाहिजे.

आता घर आणि शेड. मोर्शीचे वकील म्हणाले, संस्था काढा. संस्थेला आधी पाटी लागते, मग अध्यक्ष, मग अध्यक्षांचा जावई येतो. म्हणून घर आणि शेड मी सुभद्राच्या निंदणाच्या टोळीतल्या नऊ जणींना समाईक देत आहे. त्यांची नावे सोबत जोडली आहेत. सगळ्यांच्या सहीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. या नऊ जणींचे चहात साखर किती यावरही कधी एकमत झालेले मी पाहिले नाही, त्यामुळे घराला धोका नाही.

मात्र शेडमध्ये लेकरे ठेवणे बंद पडले, तर घर आणि शेड देवीदासला जावे. हे कलम वाचून तो खूश होईल. बायांनी आपसात भांडण करून शेडला कुलूप लावायची वेळ आणली, तर त्याचे खूश झालेले तोंड आठवावे. मला ते बंद पडण्याची फार भीती वाटते. शेततळे अजून तिथेच आहे.

शेवटचे. मी मरेन त्या दिवशी शेड बंद ठेवू नये. माझ्यासाठी बायांनी मजुरी बुडवू नये आणि कोणाचेही लेकरू धुऱ्यावर जाऊ नये. मला न्यायला चार माणसे पुरतील. जैनबबीने लेकरांजवळच थांबावे. तिने तिथे रडू नये, लेकरे घाबरतात. तशी ती माझ्यासाठी रडेल असे मला वाटत नाही. आजवर मी घेतलेले बाकीचे सगळे संशय खुशाल खरे निघोत, हा एवढा एक खोटा निघावा अशी माझी फार इच्छा आहे.

लिहून देणार : पार्वताबाई गोवर्धन भुयार (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली आणि बाईंच्या समक्ष आम्ही केली :
१. अब्दुल रहीम, शिंपी (सही)
२. सूर्यभान राऊत, निवृत्त पोस्टमन (सही)

(हे दोघे नालीच्या वादावरून एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे संगनमताचा प्रश्न येत नाही. — पा. गो. भु.)

स्थळ : निंबखेडा
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४