नांदून राहिली ना?

मंगळवार, संध्याकाळ

दिघोरीच्या शेवंताबाईंचा आज पुन्हा फोन. त्यांच्या घरामागच्या मोहाच्या झाडावरचं ऑर्किड मी संशोधनासाठी मागून आणलं होतं. त्या भागात दुसरं कुठे दिसलंच नव्हतं. देताना बाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, लेक सासरी धाडावी तसं.

"मॅडम, आमची पोरगी नांदून राहिली ना तिथं?"

"हो, मजेत आहे," मी म्हणाले. लगेच. का म्हणाले?

सकाळीच तर प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्यांत बुरशी दिसली होती. एका ऑर्किडची शेकडो रोपं करायच्या नादात मी ते अख्खं कापून त्याचे तुकडे बाटल्यांत वाढायला लावले, आणि आता एकही तुकडा जिवंत नाही. एक कोंब कुंडीत राखून ठेवायला काय झालं होतं मला? दुपारी बाटल्या उकळून, धुऊन फडताळात ठेवूनही दिल्या.

"रविवारी येतो तिले पाहाले," बाई हसत म्हणाल्या. "लुगडं त नेसत नाही ते. शेणखतच आणतो थोडंसं."

मी "या" म्हणाले. तेही म्हणाले.

नांदून राहिली ना. हा शब्द डोक्यातून जात नाही. सून जिवानिशी गेल्यावर माहेरचा फोन आला, की सासरचेही आधी असंच म्हणत असतील. मजेत आहे.