आधी टेबलावर ठेवून बघायचं

३ मार्च, मंगळवार

व्हिडिओ गेमचा कंट्रोलर बिघडलाय! परवा हे भाऊजींशी सलग चौथ्या रविवारी हरले. सरळ रस्ता, आणि ह्यांची गाडी थरथरत डावीकडे, आणखी डावीकडे, धाडकन कठड्यावर! तिकडून स्पीकरवर भाऊजी — "दादा, लायसन्स कुठून आणलंस रे?" एरवी हे एकाला दोन सुनावतात. परवा मात्र कंट्रोलर खाली ठेवला नि म्हणाले, "ह्याची गाडी वळवायची दांडी गेलीय. बंद करू या आता हे खेळणं."

बंद कसं करू या? सासूबाई गेल्यापासून दोघे भाऊ फोनवर "हं, बरंय"च्या पुढे सरकत नाहीत. रविवारी त्या शर्यतीत मात्र तासभर भांडतात, खिदळतात, मधेच आईची आठवण काढतात. पन्नाशीचे दोन घोडे! तो तास गेला तर ह्या घरातलं निम्मं हसू गेलं. मी नाही जाऊ देणार.

४ मार्च, बुधवार

मधल्या सुट्टीत शोधलं. कंट्रोलरच्या पोटात एक प्रोग्रॅम असतो — फर्मवेअर. त्याची नवी आवृत्ती टाकली की दांडीचं थरथरणं थांबतं म्हणे. वा!

पण ती टाकायचं साधन चालतं फक्त विंडोजवर. आणि आमच्या कंप्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स, तेही माझ्याच हट्टाने. शाळेच्या संगणक खोलीतली चौदा म्हातारी मशीनं मी लिनक्सवर जगवलीत, मग घरी दुसरं काय असणार? शेजारीण म्हणाली, "माझा लॅपटॉप ने की!" नको म्हटलं. इतकी वर्षं जगाला सांगत आले, विंडोजवाचून काही अडत नाही. आता दार कुठल्या तोंडाने वाजवू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

५ मार्च, गुरुवार

आपल्याच कंप्युटरच्या आत दुसरा, खोटा कंप्युटर उभा केला — व्हर्च्युअल मशीन. त्या खोट्यात विंडोज नांदायला आणलं. तीन तास! दूध उतू गेलं. ह्यांनीच गॅस पुसला.

६ मार्च, शुक्रवार

घात झाला.

त्या खोट्या कंप्युटरच्या यादीत कंट्रोलरपुढे खूण केली की तो आतल्या विंडोजला दिसतो. दिसला! 'अपडेट' दाबलं. दहा टक्के — आणि गडप. "कंट्रोलर सापडत नाही." दिवासुद्धा विझला. ह्यांच्या हाताला बसलेला हा एकच, आणि आता तसा बाजारात मिळत नाही.

सांगायला गेले. हे आपल्या कोपऱ्यातल्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग, डाव्या हातात चिमटा (हे डावरे). रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "अगं, बंद पडलेलं घड्याळ आणखी काय बिघडणार? सावकाश घे."

आणि मग ती गोष्ट. एक बाई एकच घड्याळ तीनदा परत घेऊन आली. "माझ्या टेबलावर ठणठणीत, तिच्या मनगटावर बंद! त्याच हातात चुंबकाचं कडं घालायची गं! म्हणून सांगतो, आधी टेबलावर ठेवून बघायचं. मग उघडायचं." मी हं हं केलं. लग्नापासून शंभरदा ऐकलीय.

७ मार्च, शनिवार

सापडलं!! अपडेट सुरू झालं की हा पठ्ठ्या क्षणभर निघून जातो आणि नाव बदलून परत येतो. आतलं विंडोज बसतं जुन्या नावाने हाका मारत, आणि नव्या नावाचा पाहुणा बाहेर माझ्या लिनक्सच्या दारात ताटकळत उभा. लग्नानंतर बँकेत माझं हेच झालं होतं!

दोन बटणं दाबून धरली, वायर जोडली — दिवा लागला. यादीत दोन्ही नावांपुढे खूण केली. दहा... चाळीस... पंचाऐंशी... शंभर! मी किंचाळलेच. हे भिंगासकट धावत आले. "काय गं, शॉक बसला?" मी गळ्यातच पडले. किती दिवसांनी.

८ मार्च, रविवार

हे पुन्हा हरले. गाडी तशीच थरथरली. आज भाऊजींनी चिडवलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

"राहू दे गं, केलंस तेवढं पुष्कळ," हे म्हणाले आणि फिरायला गेले.

मी कंप्युटरवर कंट्रोलरच्या तपासणीचं पान उघडलं. पडद्यावर एक गोल, दांडी हलली की त्यात ठिपका हलतो. कंट्रोलर टेबलावर ठेवला. हात लावला नाही. ठिपका बरोबर मध्ये. दहा मिनिटं बघत बसले. केसभरही हलला नाही. मग मी धरला. डावीकडे, उजवीकडे, सगळं शिस्तीत.

आठवडाभर खटाटोप केला आणि टेबलावर एकदाही ठेवून बघितलं नव्हतं मी. शंभरदा ऐकूनही!

दांडी डाव्या अंगठ्याखाली असते. मग एकेक आठवायला लागलं. चहाचा कप हल्ली उजव्या हातात. गेल्या महिन्यात बायकांची दोन नाजूक घड्याळं परत केली, "सुटे भाग मिळत नाहीत" म्हणून. देवा! तीस वर्षं त्या बोटांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात.

९ मार्च, सोमवार

ह्यांना सांगितलं नाही.

सेटिंगमध्ये जाऊन दांडीच्या बारीक हालचाली मोजूच नयेत असं करून टाकलं. फसवणूकच आहे ही. केली.

१० मार्च, मंगळवार

संध्याकाळी ह्यांनी एकट्याने खेळून बघितलं. गाडी सरळ! "मास्तरीणबाई, तुझं औषध लागू पडलं गं!" काय हसले! मीही हसले. मग भांडी घासायच्या निमित्ताने नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

११ मार्च, बुधवार

सकाळी हे मान वर न करता म्हणाले, "सेटिंगचं पान कुठे असतं गं?" दाखवलं. नुसतं "अच्छा" म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार

शाळेतून आले तर कंप्युटर चालू. तपासणीचं पान उघडं. मी बदललेलं सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं केलेलं. कंट्रोलर टेबलावर, कुणाचा हात नाही, ठिपका बरोबर मध्ये.

त्याच्या खाली घड्याळाला बांधतात ती दुरुस्तीची चिठ्ठी. ह्यांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, नेहमी. आज वेडंवाकडं —

"टेबलावर ठेवून बघितला. ह्याला काही झालेलं नाही. उद्या सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी बोलावलंय. मला एकट्याला भीती वाटते. तू चल."