आधी पाणी विचारा

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारपासून सहा वेळा मला कॅन्सर झाला आणि सहातल्या एकानेही आधी बसा म्हटलं नाही! पहिला दारातूनच बोलायला लागला — रिपोर्ट काही चांगला नाही — दूधवाला उद्याचा खाडा सांगतो तसा. दुसरा मला सोडून भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होता. तिसरीने खांद्यावर हात ठेवला आणि उचलायचाच विसरली. बोलणं संपलं तरी हात तिथेच, खुंटीला अडकवल्यासारखा. चौथा म्हणाला, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. मेल्या, मग कोण घेणार, तू? पाचव्याने एका दमात तीन इंग्रजी शब्द टाकले, मी तीनदा घंटी वाजवली. सहावी स्वतःच रडली. मग मीच तिला म्हटलं, होईल गं बरी मी.

टेबलावरची ती घंटी वर्गाच्या मॅडमनी माझ्यासाठी, म्हणजे खोट्या रोग्यासाठी, ठेवलीय. ही शिकाऊ डॉक्टर पोरं बोलली आणि मला कळलं नाही की वाजवायची. चौथी शिकलेली बाई मी. माझ्या अडाणीपणाचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

शेवटी मॅडमनी विचारलं, मावशी, कसं वाटलं? मी म्हटलं, इतकी मोठी बातमी ऐकायची तर माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. आधी पाणी विचारा. दारात आलेल्या परक्याला विचारतो, तेवढं तरी. सगळ्यांनी माना खाली घालून वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं डॉक्टर लिहून घेतात!

४ नोव्हेंबर, मंगळवार

गुडघे ठणकतायत. चादरींच्या घड्या घातल्या, घरी आले, झोपले.

५ नोव्हेंबर, बुधवार

जाऊबाईंचा फोन. खोटं आजारी पडायला पगार देतात म्हणे तुला, आम्ही खरे आजारी पडून थकलो. जळू दे.

बावीस वर्षं बायकांच्या वॉर्डात फरशी पुसली, भांडी दिली-घेतली. गेल्या वर्षी गुडघे गेले. त्यात एका शिकाऊ डॉक्टरने म्हातारीला न विचारता तिची चादर बाजूला केली, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. म्हटलं, तुझ्या आजीचं असंच उघडशील का? मागे मॅडम उभ्या. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणतात, हेच माझ्या वर्गात येऊन करा.

मॅडम पोरांना शिकवतात — रोग्याशी बोलावं कसं, काय लपवायचं नाही, हात लावण्याआधी विचारायचं, घरी कोण आहे, काम काय करतो ते विचारायचं. विषयाचं नाव लांबलचक आहे. पोरं त्याला गप्पांचा तास म्हणतात. ऑपरेशनचे मोठे डॉक्टर म्हणतात नाटक कंपनी. मी त्या कंपनीत सोमवार-गुरुवार दुपारी खुर्चीत बसते. बाकी वेळ वॉर्डातच, कपड्यांच्या खोलीत. बादली सुटली. सुखात आहे. नजर लागू नये म्हणून कुणाला सांगत नाही, इथे लिहिते.

हे सायकलचं दुकान बंद करून आले की रोज विचारतात, आज काय झालं? मी म्हणते, कॅन्सर. म्हणतात, परवाही तोच होता, काहीतरी नवीन आण.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सातही जणांनी पाणी विचारलं! सात पेले प्याले मी. नाही म्हटलं तर पोरांचे चेहरे पडतात. शेवटच्या दोघांना मध्येच थांबवून मोरीकडे पळाले. मॅडम हसून हसून बेजार.

शिंकरी आज फार छान बोलली. ही पोरगी घाबरली की शिंकते, म्हणून मी ठेवलेलं नाव. बसली. पाणी दिलं. म्हणाली, मावशी, तुम्हाला आधी काय ठाऊक आहे ते सांगा, मग मी सांगते. एकदाही घंटी वाजवावी लागली नाही. मॅडमच्या कागदावर मी तिला दहापैकी दहा दिले.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज कॅन्सर नव्हता, मधुमेह होता. यांना सांगितलं. म्हणाले, चला, सुधारणा आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईचं ऑपरेशन होतं. पित्ताच्या खड्यांचं. दहाला तिला न्यायला गाडी आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरणीने विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाही ना? बाई म्हणाली, पाणी प्याले, आत्ताच, पेलाभर. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, नाहीतर भुलीत ते पाणी वर येऊन छातीत उतरतं. म्हणून तर खाटेला "उपाशी" अशी पाटी लावतात.

मोठे डॉक्टर आले. सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. पाटी दिसत नाही? एवढंसुद्धा समजत नाही? तुमच्यासारख्या अडाणी लोकांमुळे आमचा दिवस फुकट जातो. तिचा जावई रजा काढून आलेला, तो खिडकीबाहेर बघत राहिला. पुढची तारीख नऊ दिवसांनी. बाई एवढंच म्हणाली, तहान लागली होती, चुकलं माझं.

मीही मनात म्हटलं, खरंच बावळट आहे ही.

तासाभराने कपड्यांच्या खोलीत शिंक ऐकू आली. एक, दोन, तीन. शिंकरी दाराआड उभी. म्हणाली, "मावशी, ते पाणी मी दिलं."

सकाळी तिला नऊ नंबरशी बोलायला पाठवलं होतं. बाई घाबरलेली होती. हिने शेजारी बसून विचारलं, पाणी देऊ का? सवयच झालेली! पाटीकडे पाहिलंच नाही. बाईला वाटलं, डॉक्टरच देतेय म्हणजे चालत असेल. आणि ओरडा बसला तेव्हा बाईने हिचं नाव घेतलं नाही. हिच्याकडे एकदा पाहिलं फक्त.

हिला मी दहापैकी दहा दिलेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शिंकरीला म्हटलं, जाऊन सांग. म्हणाली, मोठे डॉक्टर मला परीक्षेला बसू देणार नाहीत. मी म्हटलं, मॅडमना तरी सांग. ती म्हणाली, मॅडमचा तास बंद करायला ते टपलेलेच आहेत.

तास बंद म्हणजे खुर्ची गेली. खुर्ची गेली म्हणजे बादली आली. दिवसभर दोन्ही गुडघे मला हेच सांगत होते. त्या पोरीला जाऊन सांग म्हणणारी मी, आणि पाणी आधी कुणी शिकवलं हे मी तरी कुठे कुणाला सांगितलं? नऊ नंबरच्या खाटेवरची चादर बदलली. तिने विचारलं, गुडघा दुखतो का तुमचा? मी मान हलवली आणि पळाले.

यांनी विचारलं, आज काय झालं? म्हटलं, खरं काहीतरी.

सगळं सांगितलं. यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, ब्रेक मी चुकीचा बसवला आणि गिऱ्हाईक पडलं, तर सायकल नीट चालव असं त्यालाच ऐकवू का? झालं. यांचं बोलणं एवढंच असतं, पण खिळा ठोकल्यासारखं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर्गात पहिला पोरगा आला, बसला, पाणी विचारलं. मी घंटी वाजवली. तो गांगरला, पाण्यात काय न कळण्यासारखं आहे? मी पुन्हा वाजवली. मग उभी राहिले.

म्हटलं, मला पाणी चालतं का, ते विचारलंस? पाटी बघितलीस? मीच तुम्हाला पाणी विचारा म्हणाले. अर्धंच शिकवलं. तुम्ही मला खूश करायला शिकलात आणि मी खूश होऊन दहा-दहा मार्क दिले. त्याचा भोग नऊ नंबरने भोगला. पाणी कुणी दिलं ते मी सांगणार नाही, पण शिकवलं मी.

मग एक शिंक आली. शिंकरी उठून म्हणाली, मी दिलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, मग इथे काय करताय दोघी? तिच्याकडे जा.

गेलो. शिंकरीला नीट बोलताच येईना. बाई, ते पाणी, म्हणजे मी, पाटी — असं काहीतरी, मध्ये दोन शिंका. वर्गात अशी बोलली असती तर मी तीन मार्क दिले असते. पण एकही शब्द न कळण्यासारखा नव्हता. मीही सांगितलं, हिला मी शिकवलं.

बाई म्हणाली, "मला माहीत होतं गं. तुला माझी काळजी होती, म्हणून गप्प बसले. पाण्याचं काही नाही. पण जावयासमोर ते मला अडाणी म्हणाले, ते पोटात राहिलंय. खडे काढतील, ते कोण काढणार?"

मग मी तिला विचारलं, तुम्ही काम काय करता? तीन दिवस तिच्या चादरी बदलतेय, बावीस वर्षं वॉर्डात काढली, आणि हे मी विचारलंच नव्हतं. खाटेचा नंबर तेवढा पाठ. ती शाळेत शिपाई आहे. अठरा वर्षं घंटा तीच वाजवते. म्हणाली, माझ्या हाताशिवाय चारशे पोरं जागची उठत नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम, शिंकरी आणि मी, तिघी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. ते शिंकरीला जे बोलायचं ते बोलले, पण परीक्षेला बसू नको म्हणाले नाहीत. म्हणाले, येऊन सांगितलंस हे एक बरं केलंस. घडलं ते सगळं लिहून द्यायला लावलं. ऑपरेशन अलीकडे आणलं, येत्या मंगळवारी. माझ्याकडे बघून म्हणाले, तुमची नाटक कंपनी आता वॉर्डात पण का?

मी विचारलं, सर, तुम्ही तिला जे बोललात त्याचं काय?

म्हणाले, बघू.

बघू! बावीस वर्षांत या खोलीतून हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय! पण तास बंद करण्याचं नाव काढलं नाही. आज झोप लागेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

जाऊबाई आल्या होत्या. विचारलं, अजून खोटीच आजारी का? पाणी दिलं त्यांना. आधी विचारलं, चालतं का? म्हणाल्या, वेड लागलंय हिला.

दुपारी यांना म्हटलं, मोठ्या डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहिणार. हे म्हणाले, लिही. पण बाईचं पोट शिवून होऊ दे आधी.

शहाणा नवरा मिळाला मला. फार उशिरा लक्षात येतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशन छान झालं. काढलेले खडे बाईने शिंकरीला मोजायला लावले — अकरा. मग मी बाईला कानात विचारलं, ती लगेच हो म्हणाली, वर म्हणाली, मला तिथवर चाकाच्या खुर्चीतून न्या, म्हणजे झालं.

संध्याकाळी चिठ्ठी मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिली. खाली मॅडमची सही आहे. मी लिहिलं — सर, परवा गुरुवारी तीन वाजता आमच्या तासाला या. त्या दिवशी जे बोललात ते परत नीट बोलायचं आहे. रोग्याच्या खुर्चीत मी नसेन, नऊ नंबरच्या बाई असतील, घंटी त्यांच्या हातात असेल. पोरं बघायला आहेत. येणार की नाही ते उद्या बुधवारी दुपारी बारापर्यंत कळवा. बघू चालणार नाही.